किल्लीचे तीन तुकडे

रेवती,

तुझा एक धड फोटो सापडेना. तेरवीच्या आदल्या दिवशी मी आणि तुझा भाऊ प्रशांत, दोघंही आपापले फोन चाळत बसलो होतो. लोकांचे मेल्यावर इतके फोटो निघतात की कोणता लावावा यावर भांडणं होतात. तुझं उलटंच. गॅदरिंगच्या ग्रुप फोटोत तू खाली वाकून चपलेचा पट्टा लावते आहेस, प्रशांतच्या लग्नात तुझ्या चेहऱ्यासमोर कुणाचा तरी फेटा आहे, सहलीच्या फोटोत नुसता तुझा हात. 'माझा चेहरा कुणाच्या सर्व्हरवर नको' असं म्हणत तू इतकी वर्षं चुकवत राहिलीस, आणि शेवटी आम्हाला कॉलेजचं आयकार्ड घेऊन स्टुडिओ गाठावा लागला. तोच फोटो मोठा केला. गळ्यातली निळी पट्टी काही स्टुडिओवाल्याला काढता आली नाही, म्हणून हार जरा वर ओढून घातला. ओळख कशी पटवावी यावर अख्खं संशोधन करणारी बाई भिंतीवर लागली ती ओळखपत्रातली. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस. मला हसायलाही कंटाळा आलाय गं.

थकले मी. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढं मी तुझ्यावर चिडले तर समजून घेशील. आल्यागेल्याला चहा, सतरंज्या, 'कशानं गेली' या प्रश्नाचं उत्तर, आणि त्यात तुझी लेक्चरंही मीच घेते आहे. तुझ्या वर्गातली पोरं माझ्याकडं असं बघतात की मी तुझी खुर्ची पळवली. आपल्या स्टाफरूममागच्या खोलीत तुझं टेबल अजून तसंच आहे. त्यावर तुझा तो टवका गेलेला कप आहे आणि मी तो धुतलेला नाही.

तेरवीला दिग्रसहून माझे मामा आले होते. कापसाच्या जिनिंगचा सीझन सोडून आले, म्हणजे बघ. जेवण झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "सुनंदा, बाई हॅकर होती म्हणतेत?"

"हॅकर नाही मामा. कुलूपवाली होती."

"म्हंजे?"

मग मी तुझ्याच पद्धतीनं सांगितलं. आपण आपणच आहोत हे पटवायला आज जिथं जाऊ तिथं सगळं उघडं करावं लागतं. नाव, नंबर, बोटं, डोळे. वय सांगायचं तर जन्मतारीख द्यायची, आणि जन्मतारखेसोबत बापाचं नाव नि पत्ताही जातो. रेवती म्हणायची, घर माझं आहे हे दाखवायला मी दार उघडून दाखवीन, किल्ली तुमच्या हातात कशाला देऊ? किल्ली न दाखवता किल्ली आपल्याजवळ आहे हे समोरच्याला पटवता येतं. त्याचं गणित ती करायची.

"अन् किल्ली हरपली तं?" मामा म्हणाले.

हे सगळेच विचारतात. तुझ्या प्रत्येक व्याख्यानात पहिला प्रश्न हाच यायचा आणि तू दर वेळी उजळून जायचीस. कारण तुझं खरं काम तिथून सुरू व्हायचं. किल्ली एकाच्या हाती द्यायची नाही, कंपनीच्या तर नाहीच नाही. तिचे तुकडे करायचे. एक तुकडा स्वतःजवळ, बाकीचे आपल्या माणसांजवळ. एकट्यादुकट्या तुकड्यातून काहीही कळत नाही, अर्धवटसुद्धा नाही. ठरलेले तुकडे एकत्र आले तरच कुलूप उघडतं. ही कल्पना जुनीच, हे तूच सांगायचीस. तुझा हट्ट पुढचा होता. तुकडा आकड्यांचा नसावा, शब्दांचा असावा. साध्या मराठी शब्दांचा, कुठंही न लिहिता माणसाच्या डोक्यात राहील असा.

आणि मग नेहमीप्रमाणे तू स्वतःवरच प्रयोग केलास. तुझ्या लॅपटॉपची किल्ली तीन तुकड्यांत मोडलीस. एक तुझ्याकडं, एक तुझ्या आईकडं, एक माझ्याकडं. तिघींपैकी कोणत्याही दोघी एकत्र आल्या तर उघडणार. कॉलेजच्या फाटकासमोरच्या टपरीवर तू मला माझे शब्द कानात सांगितलेस आणि लिहून घ्यायला पेन काढलं तर माझ्या हातावर फटका मारलास. मी, गणिताची मास्तरीण, घरी जाईपर्यंत शेवटचा शब्द विसरले. दुसऱ्या दिवशी पुन्हा चहा, पुन्हा कानात. टपरीवाल्याला वाटलं असेल, या दोघींचं काहीतरी लफडं आहे.

"काकूंना कशाला देतेस?" मी विचारलं होतं. "त्यांना जमेल का?"

"आई कधी विसरत नाही अन् कधी सांगत नाही," तू म्हणालीस. "तुझ्यात यातलं एकच आहे, तेही चहा पाजून."

आता कळलं असेल मी कुठं येते आहे. तू गेलीस. उरल्या दोघी. तुझं कुलूप उघडायला दोघी पुरतात, आणि दोघीच आहेत.

यावर आपलं भांडण झालेलं तुला आठवतंय. झालेलं कसलं, पडून राहिलेलं. उन्हाळा लागला होता, कूलर नुसता गरम हवा फेकत होता, आणि तू फळ्यावर शेवटच्या भागाची मांडणी करत होतीस: मालक मेला तर काय? मी म्हटलं होतं, मग उघडायचं, त्यात काय? मेलेल्या माणसाचं कसलं आलंय खासगी! मागं राहिलेल्यांना गरज असते. तू खडू खाली ठेवलास.

"सुनंदे, जिवंत माणूस 'नको' म्हणू शकतो. खरी परीक्षा तर तो गेल्यावरच आहे."

"म्हणजे तुझं सगळं तुझ्याबरोबर जाळायचं? तुझं हे संशोधनसुद्धा?"

"असं नाही म्हटलं मी."

"मग काय म्हटलंस?"

तू म्हणालीस, अजून माहीत नाही. आणि मी चिडून म्हटलं की माहीत नसेल तर पेपर कशाला लिहितेस. त्यानंतर कॉलेजच्या परीक्षा आल्या, पेपर तपासणी आली, आणि तू नागपूरला सेमिनारला जायला लागलीस.

सेमिनारला.  त्याच्याकडं मी येतेच, पण आधी झरीची गोष्ट, कारण त्या दिवसाशिवाय पुढचं काही नीट सांगता येणार नाही.

झरी जामणीच्या पलीकडच्या त्या कोलामांच्या पोडावर, वस्तीवर, आपण गेलो होतो. जंगलातल्या कामानं तिथल्या बायांच्या बोटांवरच्या रेघा पार घासून गेलेल्या. रेशनच्या मशीनवर बोट उमटता उमटत नाही, म्हणून तुला वाटलं, यांच्यासाठी शब्दांची किल्ली चालते का पाहू. बचत गटाच्या बाया समाजमंदिरात गोल बसल्या. तू आपलं समजावून सांगितलंस: प्रत्येकीनं फक्त तिलाच माहीत असलेली गोष्ट धरायची, कुणाला सांगायची नाही, त्याचे चार शब्द करायचे. सगळ्या मान हलवत होत्या. मोबाइलवर शब्द टाकून झाले. तू खूश. मग चाचणी म्हणून तू म्हणालीस, आता शेजारणीचं कुलूप उघडून दाखवा बरं.

उघडलं की! एकीनं दुसरीचं, दुसरीनं तिसरीचं, एकेका दमात. ही माहेरच्या मोहाच्या झाडाचं नाव टाकणार, ती मेलेल्या म्हशीचं, ती तिसरी पळून जाता जाता परत आली त्या वाटेचं. बाया हसून हसून एकमेकींवर पडत होत्या आणि तू मोबाइल हातात धरून माझ्याकडं बघत होतीस. पुण्यामुंबईच्या पोरांवर तपासून आणलेली आपली पद्धत. तिथं शेजारच्याचं नावही कुणाला ठाऊक नसतं.

तू विचारलंस, "पण मी म्हटलं होतं ना, कोणालाच माहीत नाही असं धरा?"

गटाची अध्यक्ष, रुंद हाडाची, पान खाणारी बाई, तिनं डोळे पुसत म्हटलं, "बाई, आमच्या पोडावर कोनालेच माहीत नाही असं काय राह्यते? माहीत सार्‍याइले अस्ते. काढत नाही कोनी."

येताना एसटीत आपल्याला शेवटची सीट मिळाली होती आणि घाटात डोकी छताला लागत होती. तू मोबाइल पर्सच्या तळाशी टाकून दिलास. मला वाटलं, प्रयोग फसला म्हणून. मग तू एकदम नळाची गोष्ट सांगितलीस. इतक्या वर्षांच्या मैत्रीत ती मी पहिल्यांदाच ऐकली.

तुमच्या गल्लीत कुणी लग्नाला, गावाला निघालं की घराची किल्ली काकूंकडं ठेवायचे. स्वयंपाकघराच्या दारामागं खिळ्यांची रांग होती, एकेका खिळ्याला एकेक घर. तू लहान असताना एकदा शेजारच्यांच्या दाराखालून पाणी येऊ लागलं. त्या घरची माणसं गावाला गेली होती, नळ उघडा राहिला होता. काकूंनी किल्ली काढली, तुला बोटाला धरलं आणि आत गेल्या. नळ बंद केला. तू मात्र इकडंतिकडं बघितलंस. आतल्या खोलीत मधोमध एक पडदा बांधलेला होता. नवरा-बायकोचे बिछाने पडद्याच्या दोन बाजूंना, भांडी वेगळी, स्टोव्ह वेगळे. बाहेर पडल्यावर तू विचारलंस, आई, त्यांच्या घरात पडदा काहून आहे? काकूंनी कुलूप लावलं, ओढून पाहिलं, आणि म्हणाल्या, "आपण नळ बंद करायले गेलो होतो."

बस. त्यावर पुढं कधीही एक शब्द नाही. त्या शेजारीणबाई पुढं अनेक वर्षं तुमच्याकडं पापड लाटायला येत राहिल्या.

"मी इतकी वर्षं चुकीचं सिद्ध करत बसले," तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस. "कोणालाच कळणार नाही, हे सिद्ध करत बसले. कळतंच गं. प्रश्न त्याच्या पुढचा आहे."

मी म्हटलं, हे गणितात कसं मांडणार? तू म्हणालीस, तेच तर. आणि पांढरकवड्यापर्यंत झोपलीस, माझ्या खांद्यावर डोकं टाकून. केवढं जड डोकं होतं तुझं.

आता सेमिनार. दर काही आठवड्यांनी नागपूर. 'काय ते, वर्कशॉपचं चाललंय.' मी तुझी लेक्चरं घ्यायची, तू परत आलीस की संत्राबर्फी द्यायचीस. असं किती महिने. आणि मग एका दुपारी प्रशांतचा फोन, तिथल्या दवाखान्यातून, आणि मी पोहोचले तेव्हा तुझ्या तोंडात नळी होती. त्यानंतर तू एकदाही बोलली नाहीस. आजाराचं नाव मला डॉक्टरकडून कळलं, रेवती. त्यानं 'इतक्या महिन्यांपासून' असं म्हटलं आणि मी वेड्यासारखं विचारलं, कुणाला? माझ्या मुलीच्या दहावीच्या निकालाची बातमी नवऱ्याच्या आधी मी तुला दिली होती. माझ्या गर्भाशयाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा टपरीवर तुझ्यासमोर रडले होते. तुला माझ्याजवळ एक वाक्य बोलता येऊ नये? मी तुझ्यावर फार चिडले आहे. फुलं वाहताना चिडलेलीच होते. हे तुला कुणीच सांगणार नाही, म्हणून मी सांगते.

तेरवी झाली, पाहुणे पांगले, आणि प्रशांतनं विषय काढला. तुझा लॅपटॉप त्यानं दिवाणखान्यातल्या टेबलावर आणून ठेवला.

"ताई, हे उघडायला पाहिजे. माझ्या कंपनीतल्या पोरांना विचारलं, ते म्हणाले, शक्य नाही. तुझ्याकडं अन् आईकडं काहीतरी आहे म्हणे."

"आहे."

"मग उघडा. ट्रीटमेंटचे रिपोर्ट असतील, फोटो असतील, काही लिहून ठेवलं असेल. कळायला नको का आपल्याला? तिनं का सांगितलं नाही, काय चाललं होतं तिच्या मनात?"

"तिला नको असेल तर?"

"मेलेल्या माणसाचं कसलं आलंय खासगी, ताई?"

माझंच वाक्य. जसंच्या तसं. त्याच्या तोंडून ऐकलं आणि मला इतकं वाईट वाटलं की मी उठून पाणी प्यायला गेले. तो वाईट नाही, बहीण गेली आहे त्याची. त्याला हवं आहे तेच मलाही हवं होतं. 'का नाही सांगितलंस' याचं उत्तर त्या यंत्रात कुठंतरी असेल, असं मलाही वाटत होतं. शिवाय तुझा पेपर त्यात होता. आपली सिद्धता, तिचा शेवटचा नीट केलेला खर्डा. माझ्याकडं होता तो अर्धा, तोही जुना. आपल्या इतक्या वर्षांचं काम त्या काळ्या डब्यात होतं, आणि नाही उघडलं तर गेलं. उघडलं तर सगळंच उघडणार होतं. तुझं गणित खोलीखोलीला वेगळं कुलूप लावत नाही, हे तुला सांगून मी दमले होते.

काकू आतून सगळं ऐकत होत्या. बाहेर येऊन एवढंच म्हणाल्या, "प्रशांत, तू पुण्याले जाय. तुही सुट्टी संपली. मी अन् सुनंदा पाहतो."

दोन दिवसांनी त्यांनी मला दुपारी बोलावलं. कॉलेज सुटल्यावर गेले. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती, रिक्षा अर्धा तास अडकली. घरात शिरले तर काकू आंघोळ करून, धुतलेलं पातळ नेसून बसलेल्या. लॅपटॉप समोर, पुसलेला.

"बस," म्हणाल्या. "आधी मले सांग. पाणी वाहून राह्यलं का?"

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. तू ती गोष्ट मला सांगितली होतीस हे त्यांना माहीत होतं की नव्हतं, कोण जाणे.

"हो काकू," मी म्हटलं. "तिचं काम आहे यात. दुसरीकडं कुठं नाही. आपण नाही काढलं तर वाया जाईल."

"मंग तेवढं काढू."

मी लॅपटॉप सुरू केला. तुझं ते कोरं पान आलं, खाली दोन रिकाम्या चौकटी. माझे शब्द मी टाकले. शेवटचा शब्द आठवला, हे तुला मुद्दाम सांगते. मग मी यंत्र काकूंकडं सरकवलं. त्यांनी चष्मा लावला आणि माझ्याकडं बघितलं.

"तिकडे तोंड कर."

"काकू, आता मला कळलं तरी काय होणार आहे?"

"तिनं सांगितलं होतं, सुनंदालेही नाही. तिकडे तोंड कर."

मी भिंतीकडं तोंड करून बसले. भिंतीवर तू, निळ्या पट्टीसकट. मागं एकेक अक्षर टकटक वाजत होतं. मध्ये थांबायच्या, चुकलेलं पुसायच्या, पुन्हा सुरू. पंच्याहत्तरी ओलांडलेली बाई मराठी टायपिंग शिकली होती ते यासाठी, एवढ्याचसाठी. तू त्यांना किती महिने शिकवत होतीस? तेही मला माहीत नव्हतं.

उघडलं.

तुझ्या लॅपटॉपवर इतका पसारा असेल असं वाटलं नव्हतं मला. सगळ्या जगाला टापटीप शिकवणारी तू. पेपर शोधायला थोडा वेळ लागला. तो पेन ड्राइव्हवर घेत होते, आणि तिथंच, अगदी शेजारी, एका फोल्डरवर ते नाव होतं. 'नागपूर'. मराठीत लिहिलेलं. माझा हात थांबला. एकदा बोट दाबलं की झालं, रेवती. तुझे सगळे महिने. आणि कदाचित एखादं वाक्य माझ्यासाठी, कोणास ठाऊक.

काकूंनी वाकून पाहिलं. त्यांना ते वाचता येत होतं.

"हे नागपूर म्हणजे तेच का?"

"हो. तेच असणार."

त्या बघत राहिल्या. मला वाटलं, आता म्हणतील उघड. आई आहेत. म्हणाल्या असत्या तर मी उघडलं असतं, आणि कुणी नावं ठेवली नसती. मी मनातून तर वाटच बघत होते.

"तुहं काम झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"मंग बंद कर. आपण नळ बंद करायले आलो होतो."

मी बंद केलं. झाकण लावल्यावर त्यांनी त्यावर तळहात ठेवला आणि दोनदा थोपटलं, मूल झोपलं का ते बघतात तसं. मग उठून चहा टाकला.

मी ओट्याशी जाऊन उभी राहिले. दारामागं खिळे अजून आहेत. आता तिथं किल्ल्या नसतात, फ्लॅटची माणसं किल्ल्या ठेवत नाहीत. एका खिळ्याला पिशवी आहे, एकाला कॅलेंडर.

"काकू, राग नाही येत तुम्हाला? तिनं तुम्हालासुद्धा सांगितलं नाही."

त्यांनी आलं ठेचता ठेचता माझ्याकडं पाहिलं. "मले माहीत होतं."

"काय?"

"सेमिनारले ते पोट्टी इस्तरीचा ड्रेस घालून जाये. मुंबईले गेली, हैदराबादले गेली, आदल्या दिवशी इस्तरी. अन् या नागपूरले चुरगळलेला ड्रेस अन् जुनी चप्पल? डबा देल्ला तं जसाच्या तसा परत ये. मी आई होय तिची, कायले समजणार नाही?"

"मग तुम्ही विचारलं काहून नाही?"

"तिले वाटे, आईले माहीत नाही. तेवढंच तिले घरात बरं वाटे. बाहेर सारे इचारणारेच. घरी आली का मी वांगे केले का भेंडी केली एवढंच बोलो आम्ही." चहा उतू आला, त्यांनी गॅस बारीक केला. "जातानी हातावर दही-साखर ठेवो मी. परीक्षेले देतो तशी. ते निमूट खाये."

निमूट खायचीस तू. परीक्षेचं दही-साखर, वर्कशॉपला. तुला काहीच शंका आली नाही? की आली, आणि तूही काढलं नाहीस?

मग त्यांनी मला विचारलं, अगदी सहज, कप हातात देता देता, "तुले खरंच नव्हतं माहीत?"

मी नाही म्हणणार होते. पण इतक्या महिन्यांत एकदाही मी तुला विचारलं नव्हतं, कसला सेमिनार. मी, जी तुझ्या साडीच्या काठापासून तुझ्या एसटीच्या सीटपर्यंत सगळं विचारते. तू डोक्याला नवीन स्कार्फ बांधायला लागलीस तेव्हा मी दुसऱ्या दिवशी तसाच आणला आणि बांधून आले, आणि आपण दोघी स्कार्फवाल्या मैत्रिणी म्हणून पोरं हसली. मी तेव्हा स्वतःला काय सांगितलं होतं? फॅशन म्हणून. तुझ्या वर्गावर जाताना मी कधी कुरकुर केली नाही, आणि कुरकुर केल्याशिवाय मी कुणाचा तास घेत नाही, हे अख्ख्या कॉलेजला ठाऊक आहे.

"माहीत होतं वाटते मले," मी म्हटलं. काकूंच्या घरात माझी बोली आपोआप दिग्रसची होते.

"बरं केलं," त्या म्हणाल्या, आणि चहाला साखर कमी झाली का विचारलं.

तर असं आहे. तुझ्या बंद दाराबाहेर आम्ही दोघी इतके महिने उभ्या होतो, एकमेकींना न सांगता. माझा राग गेला असं नाही. तो आहे. पण आता तो तुझ्याकडं एकटा येत नाही, त्याच्यासोबत त्या दह्याची वाटी येते.

प्रशांतला मी फोन करून सांगितलं: पेपर मिळाला, बाकी नाही बघितलं.  तो म्हणाला, "आईनं पण नाही?" मी म्हटलं, आईनंच नाही. तो रागावला आहे. रागावू दे. त्याचाही हक्क आहे.

पेपर वाचला. शेवटचा भाग सोडून पूर्ण आहे, आणि सुंदर आहे. ज्या पायरीवर मी तुला नेहमी अडवायचे तिथं तू दोन ओळींत असं वळण घेतलंस की मी एकटीच खोलीत 'अगं भवाने' म्हणाले. शेवटच्या भागाचं मात्र नुसतं शीर्षक आहे: मालक गेल्यावर. खाली कोरं. आता ते मला लिहायचं आहे, आणि मला येत नाही, रेवती. गणितात उघडलं म्हणजे उघडलं. आत शिरून फक्त नळापर्यंत जायचं आणि पडदा दिसला तरी तो दिसला म्हणायचं नाही, याला माझ्याकडं चिन्ह नाही. तुझ्याकडंही नसावं, म्हणूनच तू ते कोरं ठेवलंस. मी बहुधा तिथं साध्या वाक्यात लिहीन, की एवढं सिद्ध होत नाही, एवढं माणूस निवडून ठरवावं लागतं. परीक्षक नाक मुरडतील. मुरडू देत.

त्या दिवशी निघताना काकू फाटकापर्यंत आल्या. म्हणाल्या, "सुनंदा, एक इचारू का? आता ते शब्द मी विसरू का?"

मी फाटकाची कडी धरून वळले.

"रोज सकाळी म्हनतो मी मनातल्या मनात," त्या म्हणाल्या. "भुलू नये म्हणून. तिनं सांगितलं होतं, रोज एकदा म्हन आई. आता काम झालं ना?"

मी म्हटलं, "झालं काकू. विसरा आता. तुम्हाला त्रास कशाला."

त्यांनी मान हलवली आणि फाटक लावलं.

आज सकाळी कॉलेजला जाता जाता डबा द्यायला गेले. दार नुसतं लोटलेलं होतं, मी आत शिरले. काकू पाठमोऱ्या, मागच्या पडवीत जास्वंदीच्या कुंडीला पाणी घालत होत्या, आणि काहीतरी पुटपुटत होत्या. मला आधी वाटलं, स्तोत्र. मग लक्षात आलं, स्तोत्र नव्हे. साधे, वेगवेगळे, एकमेकांशी संबंध नसलेले शब्द. पहिला शब्द माझ्या कानावर पडला.

मी मागं सरले. पायरीवर उभी राहिले, दार ओढून घेतलं, आणि त्यांचं म्हणून होईपर्यंत बाहेर थांबले.